बुश झिजतो, म्हणून जीप टिकते

दोस्तांनो, आधी एक कोडं घालतो. बघा सुटतंय का!

बोटभर लांब, अंगानं गोल, पोटात आरपार भोक. राहतो गाडीखाली, दिसत नाही कुणालाच. दोन लोखंडांच्या भांडणात रोज मधे पडतो आणि मार मात्र स्वतः खातो. ओळखा पाहू कोण?

सुटलं नाही? मग जवळच्या गॅरेजवर जाऊन विचारा. पान्याने नट आवळता आवळता मिस्त्रीकाका हसून सांगतील, "अरे, हा तर बुश!"

बुश हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पंख्यात बुश, मोटारपंपात बुश, सायकलच्या पायडलमध्येही बुश. आज आपण भेटणार आहोत जुन्या जीपच्या पाट्यांमधल्या बुशला. तो झिजला की काय होतं, तो बदलतात कसा आणि एवढ्याशा तुकड्याची काळजी तुम्ही-आम्ही का करायची, ते पाहू या.

तेल्हाऱ्याचा रस्ता आणि जीप

अकोला जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे तेल्हारा. उत्तरेला मेळघाटचे डोंगर. वान नदीवर वारी भैरवगडजवळ हनुमान सागर धरण. दक्षिणेकडे पसरलेली कपाशीची काळीभोर जमीन. हिवरखेड, बेलखेड, दानापूर, अडगाव अशी गावं या तालुक्यात आहेत. एसटी जिथे दिवसातून मोजक्या वेळा जाते, तिथे वऱ्हाडातल्या लोकांना वर्षानुवर्षं आधार राहिला तो जीपचा. बाजारची भाजी, खताचं पोतं, लग्नाचं वऱ्हाड आणि दप्तरं घेतलेली शाळेची पोट्टी, सगळ्यांना पोटात घेऊन जीप धावते.

आता इथली काळी जमीन मोठी लहरी, बरं का! पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर वर-खाली होतो. म्हणून चांगल्या डांबरी रस्त्यालाही इथे लाटा येतात. खाली लाटा, वर ओझं. मधल्या मधे हाल कुणाचे? चाकांचे, पाट्यांचे आणि आपल्या बुशचे!

लढाईतून शेतात

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी सैन्याला चिखल, वाळू, डोंगर कुठेही जाणारी हलकी गाडी हवी होती. १९४१ पासून विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपलं आणि ही दणकट गाडी शेतावर कामाला लागली.

भारतात ती आणली महिंद्रांनी. १९४५ साली सुरू झालेली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी १९४८ साली 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईला माझगावमध्ये विलिस जीपचे सुटे भाग जोडून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे भारतातच जीप तयार झाली. एमएम ५४०, कमांडर, मेजर ही त्याच घराण्यातली नावं. यातल्या कितीतरी गाड्या बंद होऊन जमाना झाला, पण एमएच-३० पाटीच्या, रंग उडालेल्या जीप अकोला जिल्ह्यात अजून दिसतात. त्यांचं वय जास्त असेल, पण दुरुस्ती सोपी आहे. सगळं उघडं, हाताला लागणारं. शिकायला यापेक्षा चांगली गाडी नाही!

पाटे म्हणजे काय?

जीपखाली वाकून पाहा. (गाडी सपाट जागी बंद असताना, आणि बाहेरूनच हं!) चाकाजवळ पोलादी पट्ट्यांची एक चळत दिसेल. सर्वांत वरची पट्टी लांब, खालच्या क्रमाने आखूड. सगळ्या मिळून धनुष्यासारख्या वाकलेल्या. हेच पाटे. पुढे दोन, मागे दोन, असे चार संच.

पाटा खड्ड्याचा दणका स्वतः झेलतो. चाक वर उचललं गेलं की धनुष्य सपाट होतं, चाक खाली गेलं की पुन्हा वाकतं. आतला माणूस फक्त डुलतो, आदळत नाही.

इथे एक गंमत आहे. प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. तिची दोन्ही टोकं टेबलावर टेकवून तिला कमानीसारखी वाकवा आणि मग वरून हळूच दाबा. काय झालं? टोकं बाहेर सरकली ना? पाट्याचंही तसंच होतं. सपाट झाला की त्याची टोकं लांब जातात. दोन्ही टोकं पक्की बांधली तर पाटा सपाट होणारच नाही. म्हणून एक टोक चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, एका जागी अडकवतात. दुसरं टोक टांगतात झोपाळ्यावर! दोन छोट्या पट्ट्यांच्या या झोपाळ्याला म्हणतात शॅकल.

आता मोजा. पाट्याचं पक्कं टोक ही एक जागा. शॅकलला पाटा जोडतो ती दुसरी. शॅकल चासीला जोडतो ती तिसरी. एका पाट्याला तीन, चार पाट्यांना बारा. या बाराही ठिकाणी बोल्ट किंवा पिन असते आणि तिच्याभोवती पाटा किंवा शॅकल थोडा थोडा फिरतो. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून बाराही ठिकाणी मधे बसलेला असतो बुश.

समजा, रस्त्यात दर दहा मीटरला एक खड्डा आहे. एका किलोमीटरमध्ये १०० दणके. २० किलोमीटरच्या फेरीत २,०००, जाऊन-येऊन ४,०००. महिन्यात २५ दिवस गाडी चालली तर झाले एक लाख! एवढ्या वेळा तो बुश पिळला जातो, तेही टनाहून जड गाडी डोक्यावर घेऊन.

दोन भाऊ, दोन स्वभाव

पाट्यांचे बुश दोन जातींचे असतात आणि दोघांचे स्वभाव अगदी उलटे आहेत.

पहिला धातूचा. याच्यात पिन घसरत फिरते. घसरायचं म्हणजे वंगण हवंच. बैलबंडीच्या चाकाचा तुंबा कण्याभोवती फिरतो, तिथे शेतकरी वंगण घालतो ना? तेच इथे. पिनेला ग्रीसचं छोटं निपल असतं, त्यातून ग्रीस भरायचं. ग्रीस नुसतं घासणं कमी करत नाही, आत शिरलेला चिखल आणि पाणी बाहेर ढकलतं. विलिसच्या जुन्या जीपमध्ये शॅकलला चक्क आटे असलेले बुश होते, आणि त्यातले काही उलट्या आट्यांचे! त्यांच्या डोक्यावर ओळखीसाठी खाच असे. ती खाच न पाहता जोर लावला, तर नट सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट व्हायचा.

दुसरा रबराचा. यात घसरणं नाहीच! रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या भोकाला घट्ट धरून असतं. पाटा फिरला की रबर पिळलं जातं आणि सोडलं की परत येतं. म्हणून याला ग्रीस नको, तेल नको. उलट डिझेल आणि ऑईल लागलं तर नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. धाकट्याला मोठ्याचं औषध दिलं तर धाकटा आजारी पडणार!

रबराची ही ताकद कुठून आली? झाडाच्या चिकापासून केलेलं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतं. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना आढळलं, की त्यात गंधक मिसळून तापवलं तर ते लवचीक आणि टिकाऊ होतं. या शोधातूनच पुढे टायर आले, ट्यूब आल्या आणि आपला बुशही.

पण रबरही म्हातारं होतंच. अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. ऊन, हवेतला ओझोन, सतत पिळणं यांनी रबर कडक पडतं, त्याला भेगा जातात, तुकडे गळतात. तालुक्याचा काही भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली आणि तशीच वाळवली, तर पिनेला गंजही लवकर चढतो.

"मिस्त्री, गाडी लय वाजून रायली!"

बुश गेला हे गाडी स्वतःच सांगते, फक्त ऐकणारा हवा. गॅरेजवर असा संवाद कानावर पडतो:

"मिस्त्री, गाडी लय वाजून रायली ना भाऊ."

"खड्ड्यात वाजते का ब्रेक मारल्यावर?"

"दोन्हीत. अन् सरळ रस्त्यावर स्टेअरिंग धरून ठेवा लागते."

"मंग पाट्याचे बुश गेले असतीन. टॉमी आण रे पोट्ट्या!"

टॉमी म्हणजे लोखंडी पहारीसारखी छोटी सळई. ती पाटा आणि शॅकल यांच्या फटीत घालून हलकेच उचकटतात. बुश चांगला असेल तर जोड जेमतेम हलतो. गेला असेल तर खडखड करत सरकतो. आणखी खुणा पाहा: भोकाच्या मधोमध असायला हवी ती पिन एका बाजूला टेकलेली, बाहेर आलेलं फाटकं रबर, लाल गंजाची भुकटी, एका कडेने जास्त झिजलेला टायर.

"वाजते तर वाजू दे, चालते ना?" असं पुष्कळ जण म्हणतात. इथेच खरा धोका आहे. थोडं गणित करू. समजा, मागच्या दोन पाट्यांमध्ये ७५ सेंटिमीटर अंतर आहे. एका बाजूचा बुश झिजून अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, त्या बाजूला फक्त ३ मिलिमीटर मागे सरकला. ७५० मिलिमीटरला ३, म्हणजे २५० ला १. मागची चाकं आता सरळ न जाता १०० मीटरमागे ४० सेंटिमीटर बाजूला जायला बघणार! ड्रायव्हर स्टेअरिंग किंचित वळवून गाडी सांभाळतो. पण ब्रेक मारला की अ‍ॅक्सल एकदम हलतो, सोडला की पुन्हा जागेवर येतो. समोरून ट्रक येत असताना, जीपमध्ये पंधरा माणसं असताना, हे ४० सेंटिमीटर फार मोठे असतात.

दुसरा धोका हळू येतो. बुश संपला की पिन थेट पाट्याच्या भोकावर घासते. भोक लांबट होतं, वरच्या मुख्य पाट्याचं टोक कमजोर होतं आणि एखाद्या दिवशी तुटतं. किरकोळ किमतीचा बुश वाचवायला गेलो आणि अख्खा पाटा गमावला!

असा बदलतात बुश

हे काम मिस्त्रीचं आहे, तुमचं नाही. तुम्ही लांब उभं राहून पाहायचं. पण काय पाहायचं, ते माहीत असलं की मजा येते.

१. आदल्या संध्याकाळी गंजलेल्या नटांवर रॉकेल किंवा डिझेल सोडून ठेवतात. रात्रभरात ते आट्यांत झिरपतं.

२. गाडी पक्क्या सपाट जागी उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावतात. चासी जॅकने उचलून तिच्याखाली घोड्या, म्हणजे भक्कम लोखंडी टेकू लावतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही, कधीही जायचं नाही. मिस्त्रीनेसुद्धा नाही. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही.

३. चाक काढतात. दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली लावून त्याचं वजन पेलतात, म्हणजे पाट्यावरचा ताण जातो आणि पिन मोकळी होते.

४. शॅकलचे नट काढून पिन सुंब्याने ठोकून बाहेर काढतात. रबराचे दोन अर्धे तुकडे असले तर ते हातानेही निघतात.

५. बुशला बाहेरून पत्र्याची नळी असेल तर तो अडकून बसतो. तेव्हा चांगला मिस्त्री साधा लांब बोल्ट वापरतो. एका बाजूला बुशपेक्षा रुंद पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला बुशएवढाच तुकडा, मधून बोल्ट. नट आवळत गेलं की बुश हळूहळू रुंद पाइपात सरकतो. २५ सेंटिमीटर लांब पाना पूर्ण फिरवला, तर त्याचं टोक सुमारे १५७ सेंटिमीटर फिरतं आणि नट पुढे सरकतो जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. हिशेबाने जोर सुमारे ९०० पट व्हायला हवा. घर्षणात त्यातला पुष्कळ जातो, तरी उरतो तो भरपूर असतो. विज्ञानाच्या पुस्तकातला 'स्क्रू' हा असा कामाला येतो!

६. काही ठिकाणी जुनं रबर जाळून काढतात. ते चूक आहे. धूर विषारी असतोच, शिवाय पाट्याचं पोलाद तापलं की त्याची लवचीकता, त्याचं 'पाणी', उतरतं.

७. भोक पॉलिश पेपरने घासून, पुसून लख्ख करतात. नवा रबरी बुश साबणाच्या पाण्याने ओला करून बसवतात. साबण वाळून जातो, रबराला त्रास देत नाही. धातूचा बुश असेल तर ग्रीस लावून.

८. आता येते खरी युक्ती! रबरी बुशचे नट आधी सैलच ठेवायचे. चाक लावायचं, गाडी खाली उतरवायची, चारही चाकांवर उभी करून दोन-तीनदा दाबून डोलवायची आणि मगच नट पूर्ण आवळायचे. का? गाडी हवेत असताना पाटा जास्त वाकलेला असतो. त्याच वेळी आवळलं, तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. मान वाकडी करून झोपलं तर सकाळी काय होतं? तसंच!

९. डाव्या बाजूचा बदलला की उजव्याचाही बदलतात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतात. काही दिवस गाडी चालली की नट पुन्हा तपासतात.

आता बाजारात पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. हे प्लॅस्टिकच्या कुळातलं द्रव्य जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलं. तेलाला ते रबरापेक्षा दाद देत नाही आणि जास्त टिकतं. पण कडक असल्यामुळे गाडीत थरथर जास्त जाणवते. रोज माणसं नेणाऱ्या गाडीला काय बरं, हे रस्ता आणि ओझं पाहून ठरवायचं.

बुश कुठे कुठे?

आता तुमच्या घरात शोधा. छताचा पंखा ज्या हुकावर टांगतात, तिथे एक रबराचा गोळा असतो. पंख्याची थरथर छताला जाऊ नये म्हणून तो मधे बसतो. मोठ्या पुलाच्या तुळया आणि खांब यांच्यामध्येही रबराच्या जाड गाद्या असतात. उन्हाने पूल लांबतो, थंडीने आखडतो, त्याला हलायला जागा हवी ना!

आणि एक बुश तर तुमच्याच अंगात आहे. गुडघ्यात दोन हाडांच्या मधे कूर्चा असते, पाठीच्या मणक्यांमध्ये गाद्या असतात. त्याही दणके झेलतात. फरक एवढाच, की हे बुश दुकानात सहज मिळत नाहीत. म्हणून दप्तराचं ओझं दोन्ही खांद्यांवर सारखं घ्या.

करून पाहा

लागणारं साहित्य: जुन्या पेनची रिकामी नळी, सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी आणि पाइपचा छोटा तुकडा.

पेनच्या नळीवर ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा आणि पाइपात दाबून बसवा. पाइप धरून पेन थोडंसं फिरवा आणि सोडा. ते आपोआप परत फिरतं! हा झाला रबरी बुश. आता पट्टीला साबणाचं पाणी लावून पुन्हा करा. पेन घसरतं, परत येत नाही. साबण वाळू द्या आणि तिसऱ्यांदा करा. रबरी बुश बसवताना साबण का चालतो आणि ग्रीस का चालत नाही, याचं उत्तर तुमच्या हातात येईल.

आई-बाबांसाठी दोन शब्द

आपली मुलं ज्या जीपने शाळेत जातात, तिच्या मालकाला तीन गोष्टी जरूर विचारा. पाट्यांचे बुश शेवटचे कधी तपासले? ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? किती मुलं बसवता? तिसरा प्रश्न पहिल्या दोघांइतकाच महत्त्वाचा आहे, कारण जास्तीचं प्रत्येक ओझं त्या बारा जागांवर येतं. प्रवासी गाडीला आरटीओचं फिटनेस प्रमाणपत्र लागतं, पण कागद वर्षात कधीतरी होतो आणि बुश रोज झिजतो.

आणि मुलांनो, हात काळे होण्याची लाज वाटू देऊ नका. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. कानाने आवाज ओळखणारा, नट कधी आवळायचा हे जाणणारा मिस्त्री गावातल्या शेकडो माणसांचा जीव सांभाळत असतो.

सहाणेवर चंदन झिजतं, त्याचा सुगंध सगळ्यांना येतो. बुश झिजतो त्याचा सुगंध येत नाही, फक्त खडखड येते. ती ऐकू आली की बोला. "काका, गाडी वाजते आहे, पाट्याचे बुश बघून घ्या ना!" एवढं म्हणायला तुम्ही मुळीच लहान नाही.